चावडीचा खांब आणि कासारणीचा हात

एका गावात एक खांब होता. गोष्टीत खरं तर राजा असतो, राणी असते, निदान एखादं माकड तरी असतं. पण या गावात सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला होता तो खांबच, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी लागते.

खांब चावडीत उभा होता. सागवानी, तेल पिऊन काळा पडलेला, आणि वरच्या बाजूला त्यावर एक आडवी खाच. कुणा जुन्या जाणत्या माणसानं ती पाडली होती. गावात कुणी तरुण गुन्हा करताना सापडला, की त्याला खांबाला पाठ टेकवून उभं करायचे. डोकं खाचेच्या खाली राहिलं तर तो पोर. पोराचा कान पिळायचा, ओंजळभर फुटाणे द्यायचे आणि घरी पाठवायचं. डोकं खाचेच्या वर गेलं तर तो गडी. गड्याला वीस वर्षं दगडाच्या खाणीत. एकतर फुटाणे, नाहीतर खाण. मधलं काहीच नव्हतं.

परगावचं कुणी यावर हसलं, की गावकरी मान ताठ करून सांगायचे, "आमच्याकडे वशिला चालत नाही. खांबाला ना नातेवाईक, ना सोयरे." हे ऐकून परगावचा माणूस गप्प बसायचा, आणि गावाला वाटायचं, त्याला पटलं.

याच गावात एक कासारीण होती. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती रोज खिंडीतून पलीकडच्या वस्त्यांवर जायची. बांगडी भरणं बघायला सोपं वाटतं. समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड हलकेच दाबायचं, आणि काच न फुटता, कातडीला ओरखडा न येता बांगडी मनगटावर उतरवायची. कासारणीचा उजवा हात असा मऊ चालायचा, की नव्या नवऱ्या तिच्याशी बोलत राहायच्या आणि बांगडी कधी चढली ते त्यांना कळायचं नाही. नवरा नव्हता, शेत नव्हतं. जे काही होतं ते त्या हातात होतं.

एके दुपारी खिंडीत दोघांनी तिला अडवलं. एकाच्या हातात दांडकं होतं. टोपली गेली, कनवटीचे पैसे गेले, आणि उजवं मनगट मोडलं. गुराख्यांनी तिला गावात आणलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "हाड जुळेल. बोटं पूर्वीसारखी मिटतील असं मी सांगत नाही."

चोर त्याच दिवशी सापडले, कारण ते हुशार नव्हते. लुटीची टोपली लपवायला त्यांनी देवळामागची कोरडी विहीर निवडली. काचेच्या बांगड्यांनी भरलेली टोपली कोरड्या विहिरीत टाकली तर काय होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. देवळातलं कीर्तन मध्येच थांबलं आणि सगळी मंडळी उठून मागे बघायला गेली.

दोघांना गाव टोपणनावांनी ओळखायचं. एक लंबू. ताडमाड वाढलेला, आपले हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. दुसरा ठेंगू. आखूड, रुंद आणि बिनधास्त.

गावचा न्यायाधीश म्हातारा होता. गुडघ्यांनी अधू आणि डोक्यानं तापट. तो चावडीत येऊन बसला, दोघांना खांबाला उभं केलं गेलं. लंबूचं डोकं खाचेच्या दोन बोटं वर गेलं. ठेंगूचं बरंच खाली राहिलं.

"लंबू खाणीत, ठेंगू घरी," कारकून म्हणाला. ठेंगूच्या मामानं तर फुटाणे घरूनच आणले होते.

इथं गोष्ट संपली असती, पण लंबूची आई पुढे आली. "महाराज, माझं लेकरू उंच नाही. तुमची जमीन वर आली आहे. दर सणाला इथं शेणामातीनं सारवता. थरावर थर चढलाय. ते खणून काढा आणि मग मोजा."

लगेच गावचा सोनार उठला. याला सोनं घेऊन खिंडीतून जावं लागे, त्यामुळे त्याला दोघंही खाणीत हवे होते. "खणायचं कशाला? उलट आणखी दोन थर द्या. हा ठेंगू गुडघे वाकवून उभा राहतो, सगळ्यांनी बघितलंय."

"माझा भाचा वाकत नाही," मामा म्हणाला. "त्याचे पायच तसे आहेत."

झालं. गावात दोन तट पडले. एक खणणाऱ्यांचा, एक सारवणाऱ्यांचा. न्यायाधीश सकाळी यावा तर खांबाशेजारची जमीन उकरलेली. दुसऱ्या सकाळी यावा तर तीच जमीन ओल्या सारवणानं फुगलेली, आणि सोनार म्हणणार, "स्वच्छतेसाठी केलं, महाराज." लंबूला आई सांगायची, मान खाली घाल. ठेंगूला सोनाराची माणसं मागून केस धरून वर ओढायची, म्हणजे मापात तेवढीच भर. एका विद्वानानं प्रश्न काढला, की शेंडी उंचीत धरावी की नाही. त्यावर दुपारपर्यंत चर्चा झाली. शेंडी धरू नये असं ठरलं, मग कळलं की दोघांपैकी एकालाही शेंडी नाही.

हे सगळं चाललेलं असताना कासारीण भिंतीला टेकून बसलेली असायची. तिला साक्षीला बोलावलं होतं. सकाळी यायची, कामट्या बांधलेला हात मांडीवर ठेवून बसायची आणि चावडी उठली की घरी जायची. तिला कुणी काही विचारलं नाही. एकदा सारवणाऱ्यांपैकी एकानं तिला थोडं सरकून बसायला सांगितलं, कारण बादली ठेवायला जागा हवी होती.

शेवटी न्यायाधीश वैतागला. "एकदाचं काय ते खणा. तळ लागेपर्यंत खणा. रोज उठून ही चिखलाची भांडणं मी बघणार नाही."

खणलं. दीड वीत खाली जुनी दगडी फरशी लागली. लंबूला तिच्यावर उभं केलं, तर खाच त्याच्या डोक्याच्या बरीच वर. मग सोनार उभा राहिला. तोही खाली. मामा खाली, कारकून खाली. गावच्या पैलवानाला बोलावलं, त्याचंही डोकं जेमतेम खाचेला टेकलं. जुन्या माणसांनी ती खाच कुणा धिप्पाड गड्याच्या मापानं पाडली होती. पुढे सणामागून सण गेले, शेणामातीचे हात फिरत गेले, जमीन वर आली, आणि खाच न हलता खाली आली. खांबाला सोयरे नव्हते हे खरं, पण त्याच्या पायाशी काय चाललंय ते कुणी वाकून बघितलं नव्हतं.

"म्हणजे या मापानं अख्खं गावच पोरांचं," न्यायाधीश म्हणाला. "वाटा सगळ्यांना फुटाणे."

लोक हसले. हसताना मागून एक गजरेवाली उठली. ती कधी चावडीत बोलत नसे.

"माझ्या मुलाला इथंच उभं केलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा न्यायाधीश दुसरे होते. त्यानं एका वाटसरूला ढकलून शिदोरी पळवली होती. एक बोट वर भरला. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं त्याला."

"आता कुठं असतो?" कुणीतरी विचारलं.

"खाणीत दरड पडली, त्यात गेला."

सोनार आपल्या अंगठीकडे बघू लागला. गजरेवाली खाली बसली आणि तिच्या शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात ठेंगू हसला. मोठ्यानं नाही, पण न्यायाधीशाच्या नजरेतून सुटलं नाही.

"तुला हसायला काय झालं?"

"काही नाही, महाराज. मी आपला जुन्या मापानंही पोर आणि नव्यानंही पोर."

"याआधी कधी उभा राहिलायस या खांबाला?"

"पुष्कळदा," ठेंगू म्हणाला. "पुलावर त्या म्हाताऱ्याला ढकललं होतं तेव्हा. जत्रेत ती पोतडी ओढली तेव्हा. तुमच्याकडचे फुटाणे चांगले खारवलेले असतात."

न्यायाधीशाची तळपायाची आग मस्तकात गेली. तो कारकुनाकडे वळला. "याचं वय काय?"

कारकून घुटमळला. "याच्या धाकट्या भावाला दोन मुलं आहेत, महाराज."

"आणि त्या लंबूचं?"

"येत्या आषाढात तेरा पुरी होतील," आई म्हणाली. "बापावर गेलाय उंचीला."

"हे गावात कुणाकुणाला ठाऊक होतं?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. सगळ्यांनाच ठाऊक होतं. ठेंगूच्या भावाच्या लग्नात सगळे जेवले होते, लंबूच्या बारशाचे पेढे सगळ्यांनी खाल्ले होते.

"मग इतके दिवस मोजत काय बसला होता?"

"आपण विचारलं नाही, महाराज," सोनार नम्रपणे म्हणाला. "पद्धत उंचीची आहे."

न्यायाधीशानं कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तो तिथून काढला नाही. हात काढला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. त्याचा राग आता गावावर राहिला नव्हता. तोही रोज येऊन याच खांबाकडे बघत बसला होता.

"आणि खिंडीत काय झालं, हे कुणी या बाईंना विचारलं?"

कुणी विचारलं नव्हतं.

"बाई, तुम्ही सांगा."

कासारीण उठली नाही. बसूनच बोलली. "झुडपांतून दोघं आले. हा बुटका पुढे होता, दांडकं याच्याकडे. हा उंच मागे वाटेवर उभा राहिला. बुटक्यानं टोपली ओढली. मी धरून ठेवली, त्यात माल होता ना. त्यानं हातावर मारलं. मी टोपली सोडली." तिनं डाव्या हातानं कामट्या सावरल्या. "सोडल्यावर त्यानं परत मारलं. तेव्हा हाड मोडलं."

चावडीत लोक पुढे सरकून ऐकत होते. इतके दिवस त्यांना वाटत होतं, झटापटीत हात मोडला.

"टोपली मिळाली होती," न्यायाधीश ठेंगूला म्हणाला. "मग दुसऱ्यांदा का मारलंस?"

"बघत होती माझ्याकडे," ठेंगू म्हणाला. त्यानं हे अगदी सहज सांगितलं, आणि त्याचा मामासुद्धा त्याच्यापासून जरा बाजूला झाला.

"आणि तू?" न्यायाधीशानं लंबूला विचारलं. "तू काय करत होतास?"

"कुणी आलं तर शीळ घालायची, असं सांगितलं होतं मला."

"ती ओरडत असताना?"

"कुणी आलं नाही," लंबू म्हणाला. मग त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण तो रडू लागला. आई उठायला गेली. न्यायाधीशानं तिला हातानं खाली बसवलं आणि त्याला रडू दिलं.

मग त्यानं निकाल सांगितला. ठेंगूला सात वर्षं खाण. वीस नाही, कारण वीस वर्षांनी खाणीतून माणूस परत येत नाही, नुसती हाडं येतात. फुटाणेही नाहीत, कारण फुटाण्यांनीच त्याला इथवर आणलं. तिथल्या कष्टाची अर्धी कमाई कासारणीची.

"पण महाराज, पद्धतीप्रमाणे तो पोर आहे," मामा म्हणाला.

"पद्धत तुम्ही सगळ्यांनी मिळून खणून बाहेर काढलीत. ती बघा, बाहेर ढीग पडलाय."

"सातच?" सोनार म्हणाला. "आणि लंबूला सोडणार?"

"सोडत नाही." न्यायाधीशाला आता जरा बरं वाटू लागलं होतं. चांगली शिक्षा सुचली की माणसाला स्वतःचं कौतुक वाटतं, तसंच त्याचं झालं. "लंबूनं रोज या बाईंची टोपली उचलायची. त्यांच्या मागून खिंडीतून चालायचं. ज्या हाताचं नुकसान झालं, त्याचं काम त्यानं करायचं."

वा वा, असं म्हणत लोकांनी माना डोलावल्या. लंबूच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी म्हणालं, याला म्हणतात न्याय. सगळ्यांना घरी जाऊन सांगण्याजोगं काहीतरी मिळालं होतं.

"मला नको," कासारीण म्हणाली.

न्यायाधीशाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"घरात मागून मांजर गेली तरी माझा जीव जातो, महाराज. आणि त्या खिंडीत तुम्ही माझ्या मागे चालायला त्यालाच देताय." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती चिडली होती, आणि ते सगळ्यांना कळलं. "त्यानं सुधारावं म्हणून मी रोज घाबरायचं का? तुम्ही इतके दिवस यांची डोकी मोजलीत. आता यांचं मन मोजताय. माझ्या हाताचं नाव घेताय, पण मला तर अजूनही कुणी विचारत नाही."

वा वा म्हणणारे जमिनीकडे बघू लागले. न्यायाधीश गोरामोरा झाला. आपल्या हुशारीवर खूष झालेल्या माणसाला कुणी आरसा दाखवला, की एकतर तो भडकतो, नाहीतर गप्प होतो. हा तापट म्हातारा गप्प झाला, हे त्याच्या पदरात पुण्य म्हणून घाला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुम्हाला काय हवंय, बाई?"

"खिंडीतली झुडपं तोडा. दोन्ही अंगांची. समोर कोण आहे, मागून कोण येतंय, हे मला लांबून दिसलं पाहिजे. मला तिकडून जायचंय, महाराज. माझी गिऱ्हाइकं तिकडं आहेत."

इतकं साधं होतं ते. खिंडीतली झुडपं वर्षानुवर्षं माजली होती. सोनारापासून गुराख्यापर्यंत सगळे त्यांना शिव्या देत जायचे, आणि आजवर एकानंही कोयता उचलला नव्हता.

"लंबू तोडेल," न्यायाधीश म्हणाला. "रोज, दिवस मावळेपर्यंत, मुकादमाच्या नजरेखाली. कधीपर्यंत, ते तुम्ही सांगायचं. तुम्हाला तिथून एकटीनं जाता येईल, त्या दिवशी त्याची शिक्षा संपली."

लंबूची आई हात जोडून कासारणीसमोर आली. "आणि तुम्ही कधीच नाही गेलात तर?"

"मलाही तीच भीती आहे," कासारीण म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून लंबू खिंडीत जाऊ लागला. कोयता त्याला नीट धरता येत नव्हता, हाताला फोड आले, फोड फुटले. करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, बोरी, सगळं तोडून तो वाटेच्या कडेला रचायचा. सुरुवातीला गावातले लोक मुद्दाम बघायला जायचे. मग कंटाळले. सोनाराला न्यायाधीशानं आठवड्यातून एक दिवस देखरेखीला बोलावलं, तर त्याला नेमकी त्याच दिवशी दागिने घडवण्याची घाई असायची.

इकडे कामट्या सुटल्या. हाडवैद्य म्हणाला होता तसंच झालं, दोन बोटं अर्धीच मिटायची. कासारीण डाव्या हातानं बांगडी भरायला शिकू लागली. शेजारणी हात पुढे करायच्या, काच फुटायची, ओरखडे यायचे, आणि कुणी काही बोललं नाही तरी तिला ते दिसायचं. रात्री ती रडली असेल. सकाळी परत बसायची.

ती खिंडीच्या तोंडाशी अधूनमधून जायची. लंबूला लांबून तिचं लुगडं दिसायचं. ती थोडा वेळ उभी राहायची आणि वळून परत जायची. पावसाळा गेला, थंडी गेली. लंबूनं दोन्ही अंगं साफ केली होती, तरी मुळातून परत फूट यायची, म्हणून तो आता मुळं खणत होता. मुकादम म्हणायचा, "तिला म्हणावं, झालं की आता सगळं." लंबू मुळं खणत राहायचा. त्याला कळायला लागलं होतं, की झुडपं गेली म्हणून भीती जात नाही, आणि त्याचं कंत्राट झुडपांपुरतं नव्हतं.

एका सकाळी ती आली आणि थांबली नाही. डोक्यावर लहान टोपली होती. चालत आत आली. मुकादम पलीकडे झाडाखाली आडवा झाला होता. लंबूनं तिला येताना पाहिलं. त्यानं कोयता लांब टाकला, वाटेपासून दूर एका उघड्या खडकावर जाऊन बसला, तिला पूर्ण दिसेल असा, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

ती त्याच्यावरची नजर न काढता चालत राहिली. तिची मान आखडली होती, श्वास तोंडानं चालला होता. त्याच्या समोरून गेली. पुढे गेल्यावर तिला पाठ फिरवावी लागणार होती. तिथं ती क्षणभर अडखळली, आणि मग तिनं पाठ फिरवली.

लंबू जागचा हलला नाही. तिनं वळून पाहिलं, तो तिथंच बसलेला होता. आणखी थोडं चालून तिनं पुन्हा वळून पाहिलं. मग एकदाही पाहिलं नाही. खिंडीच्या पलीकडच्या टोकाला पोचल्यावर ती खाली बसली आणि बराच वेळ तिथंच बसून राहिली.

शेवटी उठून तिनं हाक मारली. इतक्या महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"इथं वळणावर एक बोर राहिलीय. ती काढ आणि घरी जा."

तात्पर्य: ज्यानं मारलं तो किती लहान, किती मोठा, हे जरूर बघावं, पण ज्याला लागलं त्याला विचारल्याशिवाय न्याय झाला असं समजू नये, आणि त्याच्यासाठी आपली हुशारी पुरेशी आहे असं तर मुळीच समजू नये.